कोमट

मिस्त्रीच्या गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, त्याच्या मेहुण्याची गाडी वर्षभराहून जास्त काळ उभी होती आणि एवढ्या काळात मिस्त्रीने तिचं बॉनेट एकदाही उचललं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलणाऱ्या माणसाला घरच्या गाडीचा कंटाळा येतो, हे कोणीही समजून घेईल. शेजारचा पंक्चरवाला तर चिडवायचा, की मिस्त्रीने शेडमध्ये गाडीचं लोणचं घातलंय. पण कंटाळा हे कारण नव्हतं. बायकोने गाडीला हात लावू दिला नव्हता.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. आवाज असा की फाटकातून त्याने "आहे का कोणी?" विचारलं की मिस्त्रीच्या हातातला पाना सुटायचा. म्हणून गॅरेजमध्ये त्याचं नाव भोंगा पडलं होतं. एका दुपारी भोंगा गाडी घेऊन निघाला तो परत आलाच नाही. गाडी सापडली शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर, सिमेंट कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी. बॉनेट वर, किल्ली जागच्या जागी, डिकीतला पाण्याचा कॅन तेवढा नाही. इंजिन तापलं, गाडी बंद पडली, भोंगा कॅन घेऊन पाणी आणायला गेला, इथपर्यंत कोणालाही कळत होतं. त्याच्या पुढचं कोणालाच कळलं नाही. पोलिसांनी शोधलं, नातेवाइकांनी शोधलं, मिस्त्रीने स्वतः त्या रस्त्याच्या दोन्ही बाजू पायाखाली घातल्या. माणूस नाही, कॅन नाही, चप्पलसुद्धा नाही.

तेव्हापासून घरात वाट पाहणं सुरू होतं, आणि वाट पाहण्याइतकं थकवणारं काम मिस्त्रीने दुसरं पाहिलं नव्हतं. बायको रांधत होती, कपडे वाळत घालत होती, हाक मारली की ओ देत होती. पण फाटकाची कडी वाजली की हातातलं तसंच टाकून खिडकीशी जायची, आणि मग जितक्या वेगाने गेली त्याच्या निम्म्या वेगाने परत यायची. मिस्त्रीला मेहुण्याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याला भोंगा नको होता, त्याला त्याची बायको हवी होती. पूर्वी ती उगाच हसायची. त्याच्या नाकाला ग्रीस लागलं म्हणून हसायची, कढई निसटली म्हणून हसायची. तेव्हा तो वैतागायचा. आता ते हसू ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

मग एका सकाळी तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि ती न बसताच बोलली.

"ती गाडी नीट करा. मला एकदा तिच्यातून फिरवून आणा. मग ठेवा, मोडा, काय करायचं ते करा."

मिस्त्रीने नुसती मान डोलावली. बोललो तर ती शब्द मागे घेईल अशी त्याला भीती वाटली. मनात मात्र तो म्हणाला, सुटलो. एवढं एक काम, एक चक्कर, आणि मग घर पुन्हा घर होईल.

दोष शोधायला वेळ लागला नाही. इंजिनाच्या वरच्या अंगाला, जिथून रेडिएटरकडे जाड रबरी पाइप निघतो, तिथे मुठीएवढी एक डबी असते. तिच्या आत थर्मोस्टॅट बसतो, म्हणून गॅरेजमध्ये त्या डबीला थर्मोस्टॅटचं घर म्हणतात. थर्मोस्टॅट साधा जीव आहे. इंजिन गार असेपर्यंत दार लावून बसायचं आणि पाणी तापलं की दार उघडून ते रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम. दार उघडलं नाही की इंजिन उकळतं. या गाडीचं घर प्लास्टिकचं होतं. त्याच्या सांध्यावर बारीक चीर गेली होती आणि चिरेच्या कडेने पांढरट क्षार वाळून बसले होते. पाणी मुरत होतं ते इथे.

बोल्ट गंजले होते. मिस्त्रीने तेल सोडलं, बिडी ओढली, पुन्हा तेल सोडलं. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा कुरकुर झाली ती बोल्टाची की आपल्या कमरेची, हे त्याला कळलं नाही. पाइप काढला. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता, पाइप कोरडा होता, आणि ते असणारच, पाणी कधीच उडून गेलं होतं. पण घर उचकटून वेगळं केलं तर आत, थर्मोस्टॅटच्या भोवती, चमचाभर पाणी होतं. सवयीने त्याने त्यात बोट बुडवलं.

पाणी कोमट होतं.

शेडखाली ऊन येत नव्हतं. गाडीची बॅटरीसुद्धा कधीच मेली होती. मिस्त्री बोट तसंच धरून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने ते पँटला पुसलं. पत्रा तापतो, पत्र्याखालची हवा तापते, असं काहीतरी त्याने स्वतःला सांगितलं आणि पुढच्या कामाला लागला.

थर्मोस्टॅट मेला आहे की जिवंत, हे बघायची रीत सोपी आहे. भांड्यात पाणी उकळायचं, त्यात तो सोडायचा आणि दार उघडतं का ते बघायचं. मिस्त्री स्वयंपाकघरात गेला आणि बायकोचं दुधाचं पातेलं त्याने घेतलं. एरवी तिने त्याची खरडपट्टी काढली असती. आज ती शेजारी उभी राहून वाकून बघत राहिली. पाणी खळखळून उकळलं, निम्मं आटलं, तरी दार मिटलेलंच राहिलं. मिस्त्री म्हणाला, गेला हा, याच्यामुळेच गाडी तापली. बायकोने विचारलं, की मग टाकून देणार का. तो हो म्हणाला, पण तिने चिमट्याने तो काढला, फडक्यात पुसला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. मिस्त्रीने तेही चालवून घेतलं.

नवं घर त्याने अॅल्युमिनियमचं आणलं. इंजिनाच्या तोंडावर सांध्यातली गळती अडवणारं जुनं गॅस्केट चिकटून बसलं होतं, ते पात्याने खरवडण्यात अर्धी दुपार गेली. तिथे कण राहिला तरी पुन्हा गळती, आणि पुन्हा हे काम करायची त्याच्यात ताकद नव्हती. नवा थर्मोस्टॅट बसवला, नवं गॅस्केट, मग बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले, कारण एकच बाजू आवळली की घर वाकडं बसतं. कूलंट भरलं, नवी बॅटरी जोडली. इंजिन चालू करून आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडेपर्यंत तो बॉनेटपाशी स्टुलावर बसून राहिला. वरच्या पाइपवर त्याचा तळवा होता. पाइप आधी गार, मग एकाएकी गरम झाला, म्हणजे दार उघडलं. पंखा फिरला, थांबला. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध येऊन बसला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

बायकोला बसवण्याआधी एक चक्कर एकट्याने मारावी म्हणून तो निघाला आणि तिथे काटा बिघडला. शाळेच्या रस्त्याने गेला तर काटा खाली पडत पडत तळाला टेकला. परत फिरून बाजाराकडे आला तर तो उठला. बाजार ओलांडून शहराबाहेरचा उतार लागला, तर मधल्या रेषेच्या वर गेला. उतारावर चढणारा आणि चढावर पडणारा काटा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. थांबून बॉनेट उघडलं आणि पाइपला हात लावला. पाइप जेवढा गरम असायला हवा तेवढाच होता.

हवा अडकली असणार. घरी येऊन त्याने पुन्हा सगळी हवा काढली. काट्याला खबर देणारा सेन्सर बदलला. वायर तपासली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर काट्याने तेच केलं. तेव्हा मिस्त्रीने हात टेकले. पाणी गळत नाही, इंजिन तापत नाही, काटा वेडा असेल तर असू दे. एक चक्कर तर मारायची आहे.

बायको दुपार कलल्यावर निघाली. केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स, जणू कोणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून जायचं होतं. मिस्त्रीने शाळेचा रस्ता धरला, तो सावलीचा होता म्हणून. ती बाहेर बघतच नव्हती. ती काट्याकडे बघत होती.

"थंड," ती हळूच म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, काटा बिघडलाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नको. तिने ऐकलं नाही. गाडी वळवा म्हणाली. त्याने वळवली. बाजाराच्या तोंडाशी काटा उठायला लागला आणि तिने पर्स घट्ट धरली.

"कोमट."

मग तिने सांगितलं. लहानपणी दादा तिच्या वस्तू लपवायचा. रिबीन, पेन्सिल, बाहुलीचा बूट. ती घरभर शोधायची आणि तो पलंगावर पाय हलवत बसून सांगायचा, थंड, थंड, कोमट, गरम. वस्तू सापडली की पाळी बदलायची, मग शोधणाऱ्याने लपवायचं. पण दादा असा लबाड, की तिला सापडायच्या आतच जेवायची हाक यायची आणि खेळ मोडायचा. तिची पाळी कधी आलीच नाही. हे सांगताना तिच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. किती दिवसांनी.

त्याला कळत होतं की हे वेड आहे. पण त्याने असाही विचार केला, की फिरू दे तिला. काटा जिथे नेईल तिथे काहीच नसणार, हे तिच्या डोळ्यांनी दिसू दे. एकदा हात रिकामे झाले की ती घरी येईल. म्हणून ती डावीकडे म्हणाली तेव्हा तो डावीकडे वळला.

"गरम होतंय. नाही, परत थंड. मागे घ्या."

कारखान्याच्या भिंतीपाशी, जिथे गाडी सापडली होती, तिथे काटा नुसता कोमट होता. तिथे त्याने गाडी हळू केली, पण तिने मान हलवली. इथे नाही. भिंत संपली तिथून एक जुना रस्ता फुटत होता, नवा मार्ग झाल्यापासून कोणी न वापरलेला. त्यावर पडल्याबरोबर काटा सरकला आणि लाल पट्टीच्या कडेला गेला. मिस्त्रीने पुन्हा उतरून पाइपला हात लावला. नेहमीइतकाच गरम. घराच्या सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडं.

जुन्या रस्त्यावर एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता. मिस्त्रीला तो चांगला ठाऊक होता. भोंग्याला शोधताना तो इथे येऊन गेला होता, ऑफिसच्या फुटक्या काचेतून आत टॉर्च मारून गेला होता, भुयारी टाकीची झाकणंसुद्धा त्याने हलवून बघितली होती. गाडी आत शिरली आणि काटा लाल पट्टीच्या शेवटाला जाऊन टेकला.

"गरम," बायको म्हणाली आणि उतरली.

पंपाच्या मागच्या बाजूला, "हवा पाणी" लिहिलेल्या भिंतीखाली, एक नळ होता. नळाला तोटी नव्हती, पाइप गंजून कधीचा बंद झाला होता. त्या नळाखाली निळा कॅन ठेवलेला होता. झाकण लावलेलं. काठोकाठ भरलेला.

कॅनचा दांडा तुटला होता आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मिस्त्रीने स्वतःच्या हाताने गुंडाळली होती.

भोंग्याला शोधताना मिस्त्री इथे उभा राहिला होता. नेमका इथे, याच भिंतीपाशी. त्या दिवशी इथे कॅन नव्हता.

बायको उकिडवी बसली आणि तिने कॅनला दोन्ही तळवे लावले. मिस्त्रीला वाटलं ती आता रडेल. तो तिला सावरायला पुढे झाला. पण ती हसत होती. तेच, उगाच येणारं, पूर्वीचं हसू.

"सापडलं," ती म्हणाली. "आता माझी पाळी."

मिस्त्रीने कॅनला हात लावला. आजारी माणसाचं कपाळ लागावं तसा तो हाताला लागला. इथे ठेवून जाऊ, पोलिसांना कळवू, असं तो म्हणाला. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिने कॅन उचलून मागच्या सीटवर ठेवला आणि स्वतः पुढे येऊन बसली. तिने दार लावलं. मिस्त्रीने आपलं दार लावलं. मागचं दार तिने लावलं होतं की नाही ते त्याला आठवेना, पण तेही लागलेलं होतं.

जुना रस्ता संपला. भिंत आली, गेली. काटा लाल पट्टीवरच होता.

उतार चढून गाडी बाजारात आली. काटा तिथेच.

"आता गार व्हायला हवं होतं ना?" मिस्त्रीने विचारलं. त्याने सहज विचारलं, निदान त्याला तसं वाटलं.

"का?" बायको म्हणाली. "आता काय लांब राहिलंय?"

त्यानंतर घर येईपर्यंत मिस्त्रीने आरशात बघितलं नाही. मान आखडली होती, डोळे जळत होते, आणि त्याला फक्त घरी जाऊन पाठ टेकायची होती. मागच्या सीटवर कॅनमधलं पाणी डचमळत होतं. भरलेल्या कॅनमधलं पाणी डचमळत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं ते फाटकाशी.

बायको कॅन घेऊन उतरली. तो इंजिन चालू ठेवून बसून राहिला. ती अंगण ओलांडून निघाली आणि काटा लाल पट्टीवरून निघाला. ती पायरी चढली, काटा मधोमध आला. तिने चपला काढल्या, दार लोटलं, आणि काटा पडत पडत तळाला जाऊन टेकला.

मिस्त्री उतरला. बॉनेट उघडून त्याने नव्या घरावर तळवा ठेवला. इंजिन धडधडत होतं आणि घर गारढोण होतं.

त्याने किल्ली फिरवली आणि तो आत गेला. दिवा लावावा एवढा अंधार अजून झाला नव्हता. बायकोच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या. त्याने हाक मारली. ओ आली नाही.

स्वयंपाकघरात ओट्यावर निळा कॅन होता. झाकण काढलेला, रिकामा. शेजारी दुधाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. गॅस बंद होता. मिस्त्रीने शेगडीला हात लावून बघितला, पातेल्याला लावून बघितला. सगळं गार.

पातेल्याच्या तळाशी तो जुना थर्मोस्टॅट होता. त्याचं दार सताड उघडलं होतं.

मिस्त्रीने पुन्हा हाक मारली, आता मोठ्याने. मागचं दार आतून बंद होतं. मोरी रिकामी. तो आतल्या खोलीत गेला. पलंगाची चादर नीट होती. तो गुडघ्यावर बसून पलंगाखाली वाकला, मग उठला, कपाट उघडलं आणि तिच्या कपड्यांमध्ये हात घातला.

पाठीमागून, रिकाम्या स्वयंपाकघरातून, बायकोचा आवाज आला. थकवा नसलेला, लहान मुलीसारखा, हसू दाबलेला.

"थंड."